चेअरमनीणबाईंची माळ

विठ्ठलराव चेअरमनांच्या लेखी माणसं दोनच प्रकारची: मत देणारी आणि लग्नात भेटणारी. पहिल्यांपुढे साधं दिसायचं, दुसऱ्यांपुढे भारी. एरवी हे निभून जायचं. पण तिसरा पावसाळा कोरडा गेला, ऊस नाही म्हणून त्यांच्या सहकारी साखर कारखान्याचं धुराडं थंड पडलं, आणि नेमकी तेव्हाच संचालक मंडळाची निवडणूक लागली. त्यात पुतण्याचं लग्न हैदराबादेत, बड्या घरात.

"दागिना करा," ते बायकोला, तुळजाबाईंना म्हणाले, "पण केज तालुक्यात सोनं दिसता कामा नये."

असली अट ऐकून कुठलाही सराफ हसला असता. तुळजाबाईंकडून ती ऐकताना नसीमला मात्र आतून उकळ्या फुटल्या.

नसीम अंबाजोगाईची. बाप इसाक पटवेकरी, म्हणजे दागिने रेशमात गाठून देणारा. लेक शिकली आणि हैदराबादच्या बड्या पेढीत डिझायनर झाली. झाली म्हणजे, डोकं हिचं आणि नाव पेढीचं. शेवटी सेठनं शब्द दिला: स्वतःची एक चीज कर, गिऱ्हाईकही तूच आण. गिऱ्हाइकानं पसंतीची सही केली तर कॅटलॉगात तुझं नाव. नाही केली, तर पुन्हा दुसऱ्यांच्या डिझाइनला रंग भर. सेठ दिलदार होता. शब्द देताना तो मागे घ्यायची वाटही आखून ठेवायचा.

तीन महिने नसीमला दुसरं काही सुचलं नाही. रुपयाएवढ्या चाळीस टिकल्या. एका अंगाला काळं मीनाकाम, दुरून साध्या मण्यांसारखं. दुसऱ्या अंगाला सोनं आणि बारीक हिरे. सुलटी घातली की दुष्काळ, उलटी घातली की लग्न! एखादी टिकली चुकूनही उलटू नये म्हणून तिनं कडेला कडा भिडवून सगळी माळ रेशमात कच्चून गाठली.

"महिला सभासदांचा मेळावा निभावला की सही करते," तुळजाबाई म्हणाल्या.

मेळाव्याला कारखान्याच्या आवारात मांडव पडला. नसीम सहीचा कागद पर्समध्ये घालून पहिल्या रांगेत बसली. सुती लुगडं, गळ्यात काळी माळ, अशा तुळजाबाई आल्या. बायकांच्या नजरा माळेवर आल्या आणि पुढे सरकल्या. विठ्ठलराव मिशीत हसले. नसीमनं मनातल्या मनात कॅटलॉगाचं पान उलटलं.

मग तुळजाबाई समई लावायला वाकल्या. मंगळसूत्र झुललं, पदराचा काठ झुलला. माळ तेवढी फळीसारखी ताठ पुढं आली.

"आगं तुळजे!" दुसऱ्या रांगेतून आवाज आला. चतुराबाई तुळजाबाईंच्या माहेरच्या भावकीतली, त्यामुळं तोंडाला कडी नव्हती. "काळ्या मण्याची माळ अन् झुलंना कावून? लई जड दिसती. काय हाय तिच्या पाठीला?"

विठ्ठलरावांनी चालू असलेला माईक उगाच टकटक करून पाहिला.

गप्प बसायची हीच वेळ होती, आणि नसीम ताडकन उभी राहिली. "चूक माझी हाय, मावशी! मी लई कच्चून गाठली."

"तू कुणाची?"

"इसाक पटवेकऱ्याची नसीम."

"पटवेकऱ्याची पोर, अन् गाठ अशी?"

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. तुळजाबाईंनी माळ काढली आणि सरळ उलटी धरली. मांडवाच्या फटीतलं ऊन हिऱ्यांवर पडलं. शेवटच्या रांगेपर्यंत 'हां' असा आवाज गेला.

"सोन्याचा राग न्हाई," चतुराबाई म्हणाली. "चेअरमनच्या बायकोनं न्हाई घालावं तर काय माझ्या शेळीनं घालावं? पर आमाला येडं समजून लपवलं, त्येचा हाय."

तुळजाबाई नसीमकडे वळून हळूच म्हणाल्या, "आता सही कशावर करू गं? बोभाटा झाला की."

नसीमच्या डोक्यात चक्रं फिरत होती. गाठ सैल केली तर टिकल्या उलटणार, सोनं दिसणार. घट्ट ठेवली तर फळी. सैल आणि झाकलेली, दोन्ही जमणारच नाही. मग झाकायचंच कशाला?

"उलटू द्या!" ती ओरडली आणि हारवाल्याची कात्री उचलून तिनं माळ कापली.

"आगं, आगं!" तुळजाबाई दचकल्या, तोवर टिकल्या पदरात पडल्या होत्या.

रेशमाची लडी पर्समध्ये असायचीच. नसीम चप्पल काढून स्टेजवर बसली, दोरा पायाच्या अंगठ्याला ताणून बांधला आणि एकेक टिकली सुटी टांगत गेली. विठ्ठलरावांनी काटकसरीवर भाषण सुरू केलं. ऐकायला कोणी नव्हतं. सगळा मांडव नसीमभोवती. कोणी टिकली पुसून देई, कोणी गाठ सुचवी. दोऱ्याचं दुसरं टोक चतुराबाईनं धरलं होतं, आणि ती ते कुणालाही देत नव्हती.

तासाभरानं तुळजाबाईंनी माळ घातली आणि चार पावलं चालल्या. काळी, सोनेरी, काळी, सोनेरी. पावलागणिक टिकल्या कूस बदलत होत्या. एक ठिणगी इथं, एक तिथं, बघावं तोवर विझलेली! कागदावर नसीमनं हे कधीच काढलं नव्हतं.

"आता जिती झाली," चतुराबाई म्हणाली.

"अहो, पण हे दिसतंय!" विठ्ठलराव माईक झाकून कुजबुजले.

"अर्धंच दिसतंय," तुळजाबाई म्हणाल्या. "तुमच्या भाषणाइतकं." मग नसीमकडे हात केला. "आण गं तो कागद."

चतुराबाईच्या पाठीवर कागद ठेवून सही झाली. नसीमनं तो घेतला, पण घडी घालायचंही तिला भान नव्हतं. समोरच्या म्हातारीच्या कानात लोंबत्या मोत्याची बुगडी होती, आणि नसीमची नजर तिथं खिळली होती.

"आजी," ती म्हणाली, "जरा मान हलवा ना."