शेठचं कौतुक

शेठना नाही म्हणायचं असलं की ते तोंड भरून कौतुक करत. कर्ज मागायला आलेल्याला "वा, काय धंदा उभा केलाय!" असं ऐकू आलं, की बिचाऱ्यानं खुशाल गाशा गुंडाळावा. ज्याला द्यायचं, त्याच्याकडे मात्र हे कपाळाला आठ्या घालून बघत. आवडलंय हे तोंडावर दिसलं की समोरचा डोक्यावर बसतो, हा त्यांचा कायदा. या कायद्यानं पैसा आला आणि माणसं गेली.

बायको वारली आणि घर खायला उठलं, तेव्हा त्यांनी तळमजल्यावर चित्रांचं दालन काढलं. चित्रकार पोसले, चित्रं विकत घेतली. कायदा तोच. चित्रकारही काही दूधखुळे नव्हते. शेठच्या कपाळाला आठ्या पडल्या की गालात हसत. चेक खिशात पडला की चहालाही कोणी थांबत नसे. संध्याकाळी एवढ्या भरल्या भिंतींत शेठ एकटेच.

लेकही चित्रं काढायची. पण आईच्या माघारी तिनं घर सोडलं, ती वर्षानुवर्षं फिरकली नाही. एका दुपारी अवचित आली आणि चित्र खुर्चीला टेकवून उभं केलं. आई खिडकीशी मटार सोलत बसलीय, चष्मा नाकावर घसरलेला.

चित्र शेठना मनापासून आवडलं. पोर आज हिरमुसून गेली तर पुन्हा यायची नाही, हे त्यांना कळत होतं. आज कायदा मोडायचाच, असं त्यांनी ठरवलं.

"सुंदर," ते म्हणाले. "फार सुंदर काढलंस. जादू आहे तुझ्या हातात."

लेकीचा चेहरा पडला. ती चित्राला कापड गुंडाळायला लागली.

"अगं, काय करतेस?"

"लहानपणी तुमच्या ऑफिसात बसूनच अभ्यास केलाय मी, बाबा. तुमचं कौतुक पाठ आहे मला. नाही आवडलं तर सरळ नाही म्हणा ना."

"खरंच आवडलंय गं. शपथ."

"शपथ तर कर्ज न देता परत पाठवलेल्या त्या छापखानेवाल्यासमोरही घेतली होतीत." तिनं डोळे पुसले, चित्र बगलेत धरलं. "येते. तब्येतीला जपा."

जन्मभर खोट्यासाठी वापरलेले शब्द आता खऱ्यासाठी कुठून पुरणार? शेठ भानावर येऊन दाराबाहेर गेले, तोवर ती कोपऱ्यावरून वळलीही होती. त्यांनी मॅनेजरला हाक मारली.

"गाडी काढा. पोरीच्या घरी जायचंय."

"काढतो. पत्ता काय, शेठ?"



"तुम्हाला माहीत नाही?" शेठनी विचारलं.