मासिकांच्या माहेरचा कप्पा

मित्रांनो, मला हात नाहीत, पाय नाहीत, उघडून वास घ्यावा असे एक पानही नाही. तरी मी बरीच म्हातारी आहे. मी एक जुनी ऑनलाइन सूची. संगीत, नाटक, चित्रकला, इतिहास अशा विषयांच्या मासिकांत कोणता लेख कुठे छापला आणि तो अंक कोणत्या ग्रंथालयात मिळेल, हे मी सांगते. देवाच्या दाराची वाट दाखवणाऱ्यालाही थोडे पुण्य लागते, तसे माझे काम.

मला ग्रंथपालबाईंनी वाढवले. एकेक अंक हातात घेऊन त्या मला घास भरवत. मासिके नावे बदलतात, एकमेकांत मिसळतात. म्हणून बाईंनी माझ्यात जुन्या नावांचा एक कप्पा केला. त्याला त्या ‘माहेर’ म्हणत. माहेरच्या नावाने हाक मारली तरी लेकीने वळून बघितले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे.

आधी माझे फार कौतुक झाले. मग मोठमोठी शोधयंत्रे आली आणि माझ्याकडे कोणी फिरकेना. तेव्हा संगणक सांभाळणाऱ्या दादांनी मला नटवायचे ठरवले. सगळे त्यांना खटपटे म्हणत. त्यांनी मला रंग दिला, अक्षरे मोठी केली आणि कोणी उघडत नाही म्हणून माहेरचा कप्पा झाकून टाकला. दिसायला मी छान झाले. पण माझी निम्मी आठवण गेली.

एका सकाळी ग्रंथालयात एक लेक आली. तिचे बाबा कीर्तनकार. मोठ्या आजारातून उठून ते रविवारी पुन्हा कीर्तनाला उभे राहणार होते, पण आवडत्या आख्यानाचे शेवटचे पदच आठवेना. देवाला अर्ध्या वाटेत सोडून खाली बसू का, म्हणत त्यांनी नकार कळवायचे ठरवले होते. ते पद पूर्वी एका मासिकात छापले होते. लेकीने मासिकाचे नाव लिहिले. मी उत्तर दिले, ‘काहीही सापडले नाही.’ पुन्हा लिहिले. पुन्हा तेच.

ती निघालीच होती. बाईंनी विचारले, “माहेरी बघितलंत का?”

“कुणाच्या?” लेक गोंधळली.

बाईंनी पडद्यावर नजर टाकली. “खटपटे, हिचं माहेर कुठं तोडलंत?”

“तोडलं नाही हो बाई, नुसतं झाकलंय. कुणी जात नव्हतं तिकडं.”

“आता जायचंय.”

कप्पा उघडला आणि क्षणात ओळ उमटली. ते मासिक कधीच एका नाट्यमासिकात मिसळले होते. अंक दुसऱ्या गावच्या ग्रंथालयात होता. तिथल्या ग्रंथपालांनी पानाचा फोटो पाठवला. पद वाचता वाचता लेकीने हलकेच चाल धरली, खटपटे टेबलावर ताल देऊ लागले. भिंतीवर ‘शांतता राखा’ अशी पाटी होती. बाईंनी त्या पाटीकडे पाठ केली.

मित्रांनो, मला नुसते नटवू नका. नवे अंक भरवत राहा, जुनी नावे राखा. आणि मी ‘नाही’ म्हटले तर लगेच उठून जाऊ नका. माझ्या माणसांना विचारा.

रविवारी मला तिथे कोणी नेले नाही. पण सोमवारी एकामागून एक माणसे येऊ लागली आणि सगळी तेच जुने नाव विचारू लागली. पद कुठे सापडले, हे बाबांनी भर सभेत सांगितले होते तर! तेव्हा मला कळले, बाबा शेवटपर्यंत उभे होते.