भेगेवरच्या दोन काचा

लातुरात घर पाहायला आलेला माणूस आधी भिंतीवरचे कॅलेंडर उचलतो. दार कोणत्या दिशेला, न्हाणीत उजेड किती, पाण्याची टाकी केवढी, हे सारे नंतर. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर जन्मलेली माणसेही हेच करतात. सवय वारशाने आली आहे. कॅलेंडरमागे भेग निघाली तर माणूस चहा घेतो, घराची तोंडभर स्तुती करतो आणि त्यानंतर फोन उचलत नाही.

माझ्या धाकट्या बहिणीच्या, तनुजाच्या घरात कॅलेंडर नव्हते. तिथे भलेमोठे निसर्गचित्र होते: हिमशिखरे, सरोवर आणि दोन हंस. बैठकीच्या ज्या कोपऱ्यात कोणी शहाणा माणूस चित्र लावणार नाही, नेमके तिथे ते टांगलेले होते. खिडकीच्या वरच्या कोनातून निघून तिरकी छतापर्यंत गेलेली भेग त्याखाली झाकली होती. शिवाय त्या एकाच भिंतीला नवा पिस्ता रंग दिला होता. घर विकून देण्याचे काम घेतलेल्या आनंदराज या एजंटची ही कल्पना. चित्राकडे पाहून एक गिऱ्हाईक म्हणाले होते, "लई मोठं चित्र लावलाव. म्हंजे भेग बी तेवढीच असंल." त्याने चित्र उचलण्याचेही कष्ट घेतले नाहीत.

तनुजाला आमच्या माहेरी, नांदेडच्या एका शाळेत मुख्याध्यापिकेचे पद मिळाले होते. होकार मे महिना संपेपर्यंत कळवायचा होता. तिचा नवरा दयानंद नांदेडला यायला तयार होता. त्याची अट एवढीच, की आधी लातूरचे घर विकले गेले पाहिजे. कुलूप लावून गेले तर गाव म्हणणार, घर खचले म्हणून पळाले. आणि असे नाव पडलेल्या घराला पुन्हा गिऱ्हाईक लागत नाही. त्याचा तर्क मला खोडता आला नाही. तनुजा भांडत नव्हती, आणि मला चिंता त्याचीच होती. ती भांडायचे थांबते तेव्हा तिने मनातून नकार लिहून ठेवलेला असतो.

मी नांदेडच्या महाविद्यालयात भूशास्त्र शिकवते. एप्रिलमधल्या एका रविवारी मी लातूरला आले आणि पहिल्याप्रथम ते चित्र खाली उतरवले.

"अक्का, ऱ्हाऊ द्या ते," दयानंद म्हणाला. "आनंदराज रुसतो."

"त्याला घर विकायचं आहे की हंस?"

आनंदराज तिथेच होता. रुसला नाही, उलट त्याच्याकडे पुढची योजना तयार होती. "मॅडम, ऐका माझं. पूर्ण भिंतीला पॅनल मारू. लाकडासारखं दिसतंय. वरून दोन लाइट सोडू. माणूस आत आला की वा म्हणतो. भिंत कोण बघतंय मग?"

"लातुरात? सगळेच."

"पॅनल थोडंच उचलता येतंय?"

"येत नाही. म्हणूनच तो समजेल की मागं भिंतच उरलेली नाही."

तनुजा हसली. त्या घरात कित्येक आठवड्यांत ऐकू आलेला तो पहिला हसण्याचा आवाज असावा, कारण दयानंदने वळून पाहिले.

मी पुट्टी खरवडायला घेतली. आत एका भेगेऐवजी शेजारी शेजारी तीन निघाल्या. दयानंद दर चैत्रात भेग बुजवत असे. चैत्रात ती चांगलीच रुंद असते. पावसाळ्यात जमीन फुगते, भेग मिटू पाहते, पण तिच्या जागेत पुट्टी घट्ट बसलेली असते. मग भिंत शेजारी तडकते. घराची काळजी घेता घेता त्याने ते दरवर्षी थोडे थोडे फोडले होते. हे मी त्याला शक्य तितक्या सौम्य शब्दांत सांगितले. सौम्य शब्द माझ्याकडे फारसे नसतात.

"म्हंजे भूकंपाचं न्हाई हे?" त्याने विचारले.

"भूकंप दरवर्षी चैत्रात येऊन आषाढात परत जात नाही."

मग मी बाहेर गेले. घर काळ्या मातीवर उभे होते. तिथली सगळीच घरे तशी आहेत. ही माती पाणी प्याली की फुगते, वाळली की आकसते. तिला फुगू न देणे कोणाच्या हातात नाही, पण सगळीकडे सारखी ओली किंवा सारखी कोरडी ठेवणे बरेचसे शक्य असते. दयानंदने नेमके उलट केले होते. भेगेच्या कोपऱ्याला लागून, जोत्याला अगदी चिकटून, त्याने केळी लावल्या होत्या आणि न्हाणीचे सांडपाणी त्यांना सोडले होते. हिवाळाभर तो एक कोपरा चिंब. उन्हाळ्यात नळाला पाणी क्वचित येई, माणसे मोजून आंघोळी करत, केळींना काही उरत नसे आणि तोच कोपरा झपाट्याने वाळून खाली बसे. बाकीचे घर जागेवर. भेग पडली नसती तरच मला आश्चर्य वाटले असते.

"केळी काढाव्या लागतील," मी म्हणाले.

"अर्धापूरची रोपं हाईत अक्का, तुमच्याच नांदेडकडची! माहेरच्या माणसानं माहेरच्या केळीवर उठावं?"

"मॅडम, केळी दारात शुभ असती," आनंदराजने जोड दिली. "गिऱ्हाईकाला आवडती."

तनुजा आत गेली, विळा घेऊन आली आणि पहिली केळ तिनेच आडवी केली. दयानंद पाहत राहिला. मग त्याने तिच्या हातातून विळा घेतला आणि उरलेल्या केळी तोडल्या. त्याला किती वाईट वाटले ते दिसत होते. तरी त्याने खुंट जोत्यापर्यंत नीट खणून काढले.

पुढची कामे साधी होती. सांडपाण्याचा पाइप दूरच्या नालीत सोडला. घराभोवती बाहेरच्या बाजूला उतार देऊन फरशीचा पट्टा घातला, म्हणजे पाऊस थेट जोत्याशी मुरणार नाही. ओळखीच्या अभियंत्याला बोलावून कॉलम आणि बीम तपासून घेतले. ते शाबूत होते, तडा फक्त विटांच्या भिंतीत होता. बैठकीतले निम्मे सामानसुमान माळ्यावर गेले आणि खोलीत उजेड आला. सगळ्या भिंतींना साधा पांढरा रंग दिला, त्या एका भिंतीखेरीज. ती मी उघडी ठेवली. भेगेवर आडव्या दोन पातळ काचपट्ट्या प्लास्टरने पक्क्या बसवल्या, एक छताजवळ, एक खिडकीजवळ.

"ह्या कशाला?" आनंदराजने विचारले.

"भिंत हलली की काच तुटते. लपवाछपवी तिला जमत नाही. वरची पाऊस पडण्याआधी तुटेल, कारण भेग छताकडं अजून थोडी उघडणार आहे. खालची टिकेल. पाऊस लागला की भेग मिटेल."

"तुटणार हे ठाऊक असून काच लावली?"

"ठाऊक असल्याशिवाय लावण्यात अर्थ नव्हता."

तो माझ्याकडे करुणेने पाहून निघून गेला. मे महिन्यात त्याचे फोन येत राहिले. एक जोडपे उंबऱ्यातूनच परतले. एका वकिलाने काचांचा फोटो काढला आणि हसला. "मॅडम, गिऱ्हाईक घर बघायला येतंय, प्रयोगशाळा न्हाई," आनंदराज म्हणाला. महिना संपत आला होता. तनुजा फोनवर शाळेचे नावही काढेनाशी झाली.

मग निलंग्याचे नागप्पा आले. एसटीतून निवृत्त झालेले चालक; नातवंडांच्या शिकवण्यांसाठी लातुरात घर शोधत होते. त्र्याण्णवमध्ये त्यांच्या चुलत्याचे घर पडलेले त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. सोबत त्यांची पत्नी शिवकांता होती. त्या दिवशी मी मुद्दाम सकाळच्या गाडीने लातूर गाठले होते.

नागप्पा बैठकीत आले आणि उचलायला काहीच नाही हे पाहून थबकले.

"ह्ये उघडं ठिवलंय?"

"हो. विचारा काय विचारायचं ते."

मी सांगितले: माती, केळी, पाइप, पुट्टी, एप्रिलात लावलेल्या काचा. ते बारकाईने ऐकत होते. शिवकांताबाई म्हणाल्या, "उन्हाळ्यात आपल्या वावरात पडत्यात तशाच की वो भेगा. बैलाचा पाय जातोय."

"वावरात छत नसतंय डोक्यावर," नागप्पा म्हणाले. तरी ते स्टुलावर चढले, वरच्या काचेजवळ गेले आणि त्यांनी प्लास्टरला बोट लावले. बोट पांढरे झाले. त्यांनी ते आम्हा सर्वांना दाखवले.

"बाई, तुमी म्हणताव एप्रिलात लावली. ह्ये कालचं हाय."

दयानंदचा चेहरा उतरला. तनुजाने माझ्याकडे पाहिले आणि लगेच नजर वळवली. मी आनंदराजकडे पाहिले.

"काल तुटल्याली दिसली," तो पुटपुटला. "गिऱ्हाईक येणार म्हणून नवी बसवली. चांगलंच केलं की."

माझ्या म्हणण्याला असलेला एकमेव पुरावा या माणसाने पाहुण्यांसाठी आवरून ठेवला होता.

"तुकडे कुठं आहेत?"

"डिकीत. फेकायचे ऱ्हाऊन गेले."

"आणा."

त्याने स्कूटरच्या डिकीतून कागदात गुंडाळलेले तुकडे आणले. मधोमध तडकलेली पट्टी, दोन्ही टोकांना जुन्या प्लास्टरचे कडक गोळे. मी ती नागप्पांच्या हातात दिली.

"ही एप्रिलची. ही तुटेल असं मी लावतानाच सांगितलं होतं. यांना विचारा."

"सांगितलं होतं," आनंदराज म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच लहान झाला होता. "मला वाटलं तुटकी काच बघून गिऱ्हाईक मॅडमला हसंल, त्यांची लाज राखावी."

शिवकांताबाई तोंडाला पदर लावून हसल्या. नागप्पा हसले नाहीत. त्यांनी तुकडे जुळवून पाहिले, मग खिडकीजवळच्या काचेचे प्लास्टर नखाने टोकरले. ते दगडासारखे होते आणि काच अखंड होती.

"म्हंजे निम्मं तुमचं खरं झालं," ते म्हणाले. "मिटायचं ऱ्हायलंय."

"राहिलं आहे. त्याला पाऊस लागतो."

ते ओट्यावर गेले, पत्नीशी हलक्या आवाजात बोलले आणि परत आले. "इसार आज देतो. पाऊस लागला की ऱ्हायला येतो, माझ्या डोळ्यांम्होरं मिटू द्या. मिटली तर दसऱ्याला रजिस्ट्री. न्हाई मिटली तर इसार परत, घर तुमचं तुमाला."

दयानंद मला बाजूला घेऊन गेला. "आणि न्हाई मिटली तर, अक्का?"

"तर मी चुकलेली असेन आणि घर तुमच्याकडंच राहील. ही शक्यता आहे. मी ती लपवत नाही. पण लहान आहे. कोपरा आता सांडपाण्यापासून सुटला आहे; पावसाची ओल जमिनीतून सगळीकडं सारखी पोचली की तो वर येईल. माझ्या मते मिटेल."

"एकदा तरी देवाच्या कृपेनं म्हणा की."

"मातीच्या गुणधर्मानं."

तो वैतागून हसला आणि तनुजाला काय वाटते ते पाहायला वळला. ती खोलीत नव्हती. अंगणातून तिचा आवाज येत होता, शाळेत बोलताना येतो तसा, स्वच्छ आणि किंचित चढा. "नमस्कार, तनुजा बोलतेय. होय, माझा होकार आहे. शाळा उघडण्याच्या दिवशी हजर होईन. घराचं? घराचं आम्ही बघू."

दयानंद ते शेवटचे वाक्य संपेपर्यंत ऐकत उभा राहिला. मग बैठकीत जाऊन नागप्पांना म्हणाला, "काका, तुमचं म्हणणं मंजूर हाय. आनंदराज, लिहून घे. आणि यात नवीन काही बसवू नको."

तनुजा चहा टाकायला आत गेली. दयानंद दारात येऊन माझ्याशेजारी उभा राहिला.

"नांदेडला माती कसली हाय, अक्का?"

"काळीच."

"मग आधी भाड्याचंच बघा," तो म्हणाला. "एक पावसाळा भिंती बघू. घ्यायचं का न्हाई ते मग ठरवू."