रूपकाची सम

अंबरनाथच्या बुवापाड्यात सरस्वतीबाईंचा गाण्याचा वर्ग होता, पण तिथे तबलजी काही टिकत नसे. शेवटी शहाण्णव साली बाईंनी उल्हासनगरहून जुना कॉम्प्युटर आणला आणि त्यात पुण्याच्या एका कंपनीचं तबल्याचं सॉफ्टवेअर टाकून घेतलं. ताल निवडला की मशीन बिनबोभाट ठेका धरायचं आणि समेला, म्हणजे आवर्तन जिथून सुरू होतं तिथे, पडद्यावर लाल दिवा लागायचा. "हे चहा मागत नाही, रुसत नाही," बाई कौतुकाने म्हणायच्या.

गोची होती ती रूपकात. सात मात्रांच्या या तालाची सम म्हणजे पहिलीच मात्रा, आणि नेमकी तिथे टाळी नसते, हात नुसता बाजूला टाकायचा. मशीनचा दिवा मात्र चौथ्या मात्रेला लागे. बाईंनी दोन वर्षं फोन केले. कंपनीच्या शशिकांतचा एकच पाढा, "मॅडम, फ्लॉपी परत टाका." फ्लॉपी टाकून टाकून झिजायची वेळ आली.

तेवढ्यात परीक्षेत तिघी पोरी, बाई बजावत असूनही दिव्याकडे बघून केलेल्या सरावाने, रूपकात आपटल्या. त्यातल्या शालनचे वडील फॅक्टरीत सुपरवायझर. ते म्हणाले, "बाई, कॉम्प्युटर कधी चुकतो का? तुमचंच काहीतरी चुकत असेल. यंदा पोरगी परत नापास झाली तर क्लास बंद." आता बोला! तीस वर्षं गाणाऱ्या बाईपेक्षा डबडं शहाणं. बाईंच्या जिव्हारी लागलं ते.

त्यांनी फोन लावला. "शशिकांत, तुम्हाला सम कशी सापडते हो?"

"सोपं आहे, मॅडम. पहिली टाळी तीच सम."

"अरे कर्मा! फोन मानेत धरा आणि मी म्हणते तसे हात करा. ती ती ना, टाळी नाही. आता धी ना, टाळी. धी ना, टाळी. पहिली टाळी कुठे पडली?"

पलीकडून दोन टाळ्या ऐकू आल्या. मग बारीक आवाज आला, "चौथ्या मात्रेला."

आठवड्यात नवी फ्लॉपी आली. दिवा समेवर आला. पोरींनी झटून रियाज केला आणि तिघी पहिल्या वर्गात पास झाल्या. शालनचे वडील पेढे घेऊन आले आणि सगळ्या वर्गासमोर म्हणाले, "चुकलो, बाई." बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी दोन पेढे खाल्ले.

पुढच्या महिन्यात पुण्याहून शशिकांतचा फोन आला. "बाई, आता झुमरा ताल करतोय. तुम्ही ऐकल्याशिवाय कंपनी फ्लॉपी बाहेर काढणार नाही."

"मग रविवारी या," सरस्वतीबाई म्हणाल्या. "नवीन मुली मागच्या रांगेत बसतात, तिथे जागा आहे."