गुळाच्या गाडीतला पियानो

साताऱ्याच्या कॅम्पातला बंगला सोडून मडम कायमच्या मायदेशी निघाल्या, तेव्हा त्यांनी सगळ्या नोकरांसमोर सांगितलं, "पियानो हरणाबाईचा." सेहेचाळीस सालचा हिवाळा होता. माळ्याला खुर्च्या मिळाल्या, खानसाम्याला भांडी. आयाचं काम करणाऱ्या हरणाबाईच्या वाट्याला ते काळं धूड आलं, तेव्हा माळी तोंडावर फडकं धरून हसला.

हरणाबाईला हसू आलं नाही. काही वर्षांपूर्वी मडमच्या डाव्या अंगावरून वारं गेलं होतं. पाय सावरला, हात लुळाच राहिला. संध्याकाळी त्या एका हातानं वाजवायला बसायच्या आणि मध्येच थांबून रडायच्या. एकदा त्यांनी हरणाबाईला डाव्या बाजूला बसवलं आणि तिचं एकेक बोट धरून पट्ट्यांवर ठेवलं. तेव्हापासून उजवा हात मडमचा, डावा हरणाबाईचा. दुपारी मडमचा डोळा लागला, की हरणाबाई उजव्या हाताचंही चाचपडत शिकायची. तिला अक्षर येत नव्हतं, पण चार गाणी पुरी यायची.

रहिमतपुरात भावाच्या घराला लागून तिनं आपल्या कमाईतून दोन खोल्या बांधून घेतल्या होत्या. तिथं तिला न्यायला भाऊ नाथाजी आला.

"आक्का, पेठेतला एक व्यापारी घेतो म्हणतोय ह्ये," तो म्हणाला. "त्येच्या पैशात दुभती म्हस यील."

"म्हस तुला पायजे. मला ह्यो पायजे."

"अगं, लोक हसतील."

"हसतील त्येंचं दात दिसतील."

लॉरीवाल्याचं भाडं ऐकून हरणाबाई आल्या पावली परत फिरली. रेल्वेनं न्यायचा, तर स्टेशन लांब, आणि हमाल पेट्या कशा टाकतात ते तिनं पाहिलं होतं. मग ती पेठेत गेली. रहिमतपूरकडच्या बैलगाड्या गूळ भरून यायच्या आणि मोकळ्या परतायच्या. त्यातल्या इलाही गाडीवानाला ती बंगल्यावर घेऊन आली.

इलाही पियानोभोवती फिरला. त्यानं बोटानं टकटक केलं. "ह्यात हाय काय?"

"तारा."

"आन वाटंत मोडलं म्हंजे?"

"मोडलं तर माजं मोडलं, इलाहीभाई. तुमच्या नावानं बोटं मोडणार न्हाई."

इलाही हसला. "मग नेतो. पर आडवा घालू."

"आडवा न्हाई. हुबाच जाईल. आडवा घातला तर आतलं सगळं निखळतंय."

दुसऱ्या दिवशी उजाडताच दोन वासे उतरते लावून पियानो गाडीत चढवला. खाली उसाच्या पाचटाची जाड गादी, चारी बाजूंना पाचटानं भरलेली पोती, वरून घोंगड्या. इलाहीनं तो पुन्हा पुन्हा सरकवायला लावला. भार पुढं गेला तर गाडी धुरजड होऊन बैलांच्या मानेवर यायचा, मागं गेला तर गाडी उलाळ होऊन जू वर उचललं जायचं आणि बैलांच्या गळ्याला फास बसायचा. मनासारखं झाल्यावर त्यानं दोर आवळले.

हरणाबाई गाडीच्या चाकाशेजारून चालू लागली. नाथाजी मुद्दाम बराच मागं राहिला. आपण ह्या वरातीतले आहोत असं कुणाला वाटू नये, एवढीच त्याची इच्छा होती.

कृष्णा ओलांडून पुढच्या चढाला लागले, तेव्हा एक दोर करकरला आणि सुटला. पियानो हातभर मागं सरकला. गाडीचं तोंड वर झालं, बैल मान ताणून घुसमटू लागले. इलाहीनं जू धरलं, पण त्याच्या एकट्याच्या भारानं ते खाली येईना. हरणाबाईनं मागंपुढं न बघता धुरेवर पोट टाकलं आणि लोंबकळली.

"नाथा! खांदा लाव!"

नाथाजी धावला. पागोटं रस्त्यात पडलं, ते त्यानं उचललं नाही. गाडीच्या मागं खांदा देऊन तो ओरडला, "धरलंय, आक्का! सोडू नगंस!"

हळूहळू जू खाली आलं. चाकाला दगड लावून तिघांनी पियानो परत जागेवर सरकवला आणि सगळे दोर नव्यानं बांधले. नाथाजीचा खांदा सोलला होता. तिथून पुढं तो गाडीच्या मागंच, पियानोवर हात ठेवून चालला. वाटेत कुणी विचारलं, तर म्हणायचा, "आमच्या आक्काची बाजाची पेटी हाय. लय मोठी."

दिवस मावळताना रहिमतपूर आलं. दारापुढं गर्दी जमली. पियानो उतरवला, उंबऱ्यापाशी नेला आणि तो दोन बोटांनी अडला.

"आता ऱ्हाऊ दे बाहेरच," नाथाजीची बायको राहीबाई म्हणाली. "नव्या घराची चौकट कुणी काढतं व्हय?"

ती चौकट नाथाजीनं स्वतः बसवली होती. हरणाबाईनं कोपऱ्यातली पहार उचलली आणि त्याच्यापुढं धरली.

"तू बसवलीस, तूच काढ. तुज्याइतकी जपून दुसऱ्या कुणाला निघायची न्हाई."

नाथाजीनं चौकटीकडं पाहिलं, बहिणीकडं पाहिलं, आणि पहार घेतली.

पियानो आत गेल्यावर हरणाबाईनं हात धुतले आणि वाजवायला बसली. तीन पट्ट्या मुक्या झाल्या होत्या. गाण्यात मध्येच खड्डे पडले, तशी दारातली पोरं खिदळली. ती थांबली नाही. गाणं संपवून तिनं झाकण लावलं.

"मिरजंत तंबोरं करणारी माणसं हायत न्हवं?" तिनं इलाहीला विचारलं.

"हायत की. पर त्येंनी असलं कवा बघितलंय?"

"बघितलं नसंल तर बघतील."

पुढच्या बाजाराआधी ती एकटीच रेल्वेनं मिरजेला जाऊन मोहिद्दीन नावाच्या तंबोरे करणाऱ्या कारागिराला घेऊन आली. त्यानं असलं वाद्य कधी उघडलं नव्हतं, आणि तसं त्यानं आधीच सांगितलं. दिवसभर खटपट करून त्यानं दोन पट्ट्या बोलत्या केल्या. तिसरी काही केल्या बोलेना. हरणाबाईनं मग त्या जागी शेजारची पट्टी दाबायची सवय बोटांना लावून घेतली.