अप-डाऊन

आमचं उपकेंद्र कोण चालवतं, असं विचारलं तर कागदावरचं उत्तर आहे, विद्यापीठ. दोन जिल्ह्यांपलीकडच्या मुख्य परिसरात कुलगुरू आहेत, कुलसचिव आहेत, आणि त्यांच्या हाताखाली इकडे उंद्रीच्या माळावर संचालक म्हणून मी आहे. खरं उत्तर वेगळं आहे. आमचं उपकेंद्र धम्मरत्न सरांची पांढरी गाडी चालवते.

धम्मरत्न सर रसायनशास्त्र शिकवतात. बुलडाण्याहून आम्ही चौघं त्यांच्या गाडीनं येतो. गाडी अकराला पोचते म्हणून पहिला तास अकराला. गाडी साडेचारला सुटते म्हणून शेवटचं प्रॅक्टिकल चारलाच गुंडाळलेलं. बाकीचे शिक्षक चिखलीहून, कारकून मंडळी खामगावहून. याला आमच्याकडे अप-डाऊन करणं म्हणतात आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नाही. मलाही वाटत नव्हतं. मी तर पुढच्या सीटवर बसायचे.

मला एकाच गोष्टीनं पछाडलं होतं, मुलींचं वसतिगृह. जुलैमध्ये एम.एस्सी.चे वर्ग मुलींनी भरलेले असतात. दिवाळीनंतर दिवस लहान होतो, आडगावांकडे जाणारी एसटी पोचेपर्यंत अंधार पडायला लागतो, आणि मग कुणाचा बाप म्हणतो, पुरे झालं. एकेक मुलगी यायची बंद होते. चांगल्या चांगल्या, हुशार मुली. हजेरी घेताना त्यांची नावं पुकारायची आणि पुढं जायचं, याचा मला इतका संताप यायचा की हातातला पेन फेकून द्यावासा वाटे. म्हणून मी मुख्य परिसरात खेटे घातले, भांडले, कुलसचिवांच्या दालनाबाहेर ठिय्या देऊन बसले, आणि वसतिगृह मंजूर करून आणलं. दोन मजली, टुमदार. पलंगांवरचं प्लास्टिकही निघालं नव्हतं आणि वर्षभरात एकही मुलगी राहायला आली नव्हती.

या वर्षी वरून पत्र आलं. प्रवेश संपेपर्यंत वसतिगृह वापरात आलं नाही तर इमारत सरकारी गोदामासाठी देण्यात येईल. गोदामासाठी! माझ्या मुलींच्या खोल्यांत पोती रचणार होते. माझी झोप उडाली. मी पालकांची सभा बोलावली.

सभेच्या दिवशी मी काजललाही सोबत नेलं. काजल माझी मुलगी. बी.एस्सी. झाली होती आणि पुण्याच्या एम.एस्सी.च्या प्रवेशयादीची वाट बघत घरभर येरझारा घालत होती. म्हटलं, चल, चहा तरी वाट.

पालक बऱ्यापैकी जमले. मी सगळं हौसेनं दाखवलं. भिंतीचं कुंपण, कॅमेरे, गरम पाण्याची सोय. लोक गाद्या दाबून बघत होते. अशाच एका आडगावचे पुंजाजी माना डोलावत होते; त्यांचं वावर मात्र माळाला लागूनच होतं. त्यांच्या संजीवनीला बी.एस्सी.ला इतके चांगले मार्क होते की तिला पुढं शिकू द्या म्हणून मी त्यांच्या घरी जाऊन बसले होते. पुंजाजींची बायको रुखमाबाई मात्र गादीकडे बघतही नव्हती. ती खिडकीशी उभी राहून बाहेरचा माळ न्याहाळत होती.

"मॅडम, रातच्याले इथं कोन राह्यते?" तिनं विचारलं.

"वॉचमन आहे. आणि रेक्टर मॅडम येणार आहेत, चिखलीच्या."

"चिखलीच्या त सांजच्याले जातीन ना वापस. इथले सारेच जातेत. आमी रोज पाह्यतो ना वावरातून. साडेचार वाजले का गाड्यायची रांग लागते."

हशा पिकला. माझे कान तापले. रुखमाबाई हसली नाही.

"मंग या माळावर आमच्या पोरीच तेवढ्या राह्यल्या," ती म्हणाली. "तुमाले पोरगी हाय का?"

मी काजलकडे बोट दाखवलं. ती कपांचा ट्रे घेऊन दारात उभी होती.

"हेच शिकते का?"

"हो. एम.एस्सी.लाच जाणार आहे."

"मंग तिले ठेवसान का इथं?"

इथं मी गप्प बसले असते, दोन घोट पाणी प्याले असते, तरी निभावलं असतं. पण मला कुणी असं चारचौघांत कोंडीत पकडलं की माझं डोकं फिरतं, तोंड आधी उघडतं आणि विचार मागाहून येतो.

"का नाही ठेवणार?" मी म्हणाले. "काजल इथंच प्रवेश घेणार आहे. तुमच्या संजीवनीच्याच खोलीत राहील."

ट्रेमधले कप वाजले, तेवढंच.

"झालं मंग!" पुंजाजी उठून उभेच राहिले. "मॅडम सोताच्या लेकीले ठेवून राह्यल्या. आता आपल्याले आनखी काय पाह्यजे बाप्पा?" त्यांनी वसतिगृहाच्या अर्जावर सही केली. त्यांच्या मागं बाकीचे रांगेत उभे राहिले. वसतिगृह वाचलं होतं आणि मला आनंदानं नाचावंसं वाटत होतं. काजलकडे मात्र बघवत नव्हतं.

परतताना काजल मागच्या सीटवर खिडकीला टेकून बसली. चिखली आली तशी धम्मरत्न सरांनीच वातावरण हलकं करायला घेतलं. "काजल येते म्हन्ल्यावर मले आता पुन्हा वाचून यावं लागन बुवा."

"सर, ऑरगॅनिक कोण शिकवतं?" मागून काजलनं विचारलं.

"मीच."

"आणि इनऑरगॅनिक?"

"तेबी मीच. जागा भरल्याच नाई ना."

"फिजिकल?"

सरांनी गिअर बदलला आणि हॉर्न वाजवला. रस्त्यावर कुणीच नव्हतं.

घरी पोचल्यावर चप्पल काढायच्या आत ती म्हणाली, "आई, तू मला विचारलं नाहीस."

"एकच वर्ष, काजल. एकदा मुली रुळल्या की तू मोकळी."

"रोज जेवताना तू काय सांगतेस आम्हाला? शिक्षक नाहीत, लॅबमध्ये गॅस नाही, लायब्ररी उघडायला माणूस नाही. रोज तेच रडगाणं. आणि आता मलाच तिथं पाठवतेस?"

"मग त्या पोरींनी कुठं जायचं?"

"त्यांच्यासाठी तू काय करायचं ते कर. मला कशाला ओलीस ठेवतेस?"

मी गणेशकडे पाहिलं. माझा नवरा भांडणात सहसा पडत नाही. "बोलून बसलीस तू," तो म्हणाला, "आता तूच निस्तर."

त्या आठवड्यात मी घरात धड बसले नाही की उभी राहिले नाही. भांडी आदळली, कपडे पुन्हा पुन्हा घड्या घालून ठेवले. कधी वाटे, काय बिघडलं एक वर्षानं? मी जिथं शिकवते तिथं माझ्या मुलीनं शिकू नये, एवढं का ते वाईट आहे? आणि लगेच वाटे, आहे. वाईटच आहे. माझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे ते?

मग पुण्याची यादी लागली. काजलचं नाव पहिल्याच यादीत होतं. ती आनंदानं ओरडली आणि ओरडता ओरडता थांबली, माझ्याकडे बघत. माझी मुलगी मला घाबरली होती. तिच्या जन्मात मी तो चेहरा पाहिला नव्हता. "जा," मी म्हणाले. "सामान भर." दोन दिवसांनी गणेश तिला सोडून आला.

पालकांना मी काही कळवलं नाही. एकदा मुली येऊन राहू देत, मग सांगू हळूच, असा माझा हिशेब. हिशेब कसला, लबाडीच ती.

सोमवारी दुपारी मुली आल्या. वळकट्या, पत्र्याच्या पेट्या, लोणच्याच्या बरण्या, आया, मावश्या. वर्षभर मुकी असलेली इमारत नुसती गजबजून गेली. रेक्टर मॅडमचा चिखलीहून अजून पत्ता नव्हता, मीच या मजल्यावरून त्या मजल्यावर धावत होते. वॉचमनला तीनदा ओरडले, नळ उघडून पाहिले, बंद केले. इतकी खूश आणि इतकी धास्तावलेली मी कधी नव्हते.

संजीवनीनं कोपऱ्यातली खोली घेतली. स्वतःची वळकटी दारापाशी ठेवली आणि खिडकीजवळचा पलंग पुसून त्यावर घरून आणलेली चादर ठेवली. "हा काजलताईले," ती म्हणाली. "हवा येते इथं. कवा येते ताई?"

'येईल' हा शब्द अगदी ओठावर आला होता. मागं रुखमाबाई उभी होती.

"ती पुण्याला गेली," मी म्हणाले. "तिथं नंबर लागला तिचा."

संजीवनीनं हातातलं फडकं खाली ठेवलं. रुखमाबाई ओरडेल, पंचक्रोशीत माझा बोभाटा करेल, असं मला वाटलं होतं. तसं झालं असतं तर मला भांडता तरी आलं असतं. तिनं नुसतं विचारलं, "इथं काय कमी होतं तिले?"

मी सांगितलं. का कोण जाणे, सगळंच सांगितलं. तीन जणांचं काम एकटे करणारे सर, चारला बंद होणारी लॅब, कुलूपबंद लायब्ररी.

"मंग जे तुमच्या पोरीले चालत नाई," रुखमाबाई म्हणाली, "ते आमच्या पोरीले काऊन चालते?"

मला राग आला. हिला काय माहीत मी किती झिजले या चार भिंतींसाठी! रुखमाबाईनं वळकटी उचलून काखेत मारली. दारात बाकीच्या आया जमल्या होत्या आणि एकेकीचा हात आपापल्या पेटीकडे जात होता.

"मा, राहू दे ना व," संजीवनी रडकुंडीला आली. "मले शिकाचं हाय. एसटीनं नाई होत व मा."

"चाल म्हनलं ना."

खाली हॉर्न वाजला. साडेचार. माझ्याही नकळत माझी पर्स खांद्यावर आली होती. सगळ्या बायका आता माझ्याकडे बघत होत्या, पर्सकडे बघत होत्या. मला लाज वाटली. खूप लाज वाटली.

मी खिडकीतून वाकून ओरडले, "सर, तुम्ही जा. मी नाही येत."

"थांबतो ना मॅडम थोडं!"

"नका थांबू. मी इथंच राहणार आहे. आणि उद्यापासून प्रॅक्टिकल साडेपाचपर्यंत चालेल. सगळ्यांना सांगा."

सर गाडीतून खालीच उतरले. "साडेपाच? मंग आमी घरी कवा जाचं?"

"ते तुम्ही बघा."

त्यांनी डोकं खाजवलं, पुन्हा गाडीत बसले आणि बराच वेळ गाडी सुरूच केली नाही. मागच्या सीटवरून कुणीतरी काहीतरी पुटपुटलं. उद्या माझ्याविरुद्ध वर तक्रार जाणार, हे मला तिथंच कळलं. शेवटी गाडी फाटकाबाहेर पडली.

"आज राह्यसान," रुखमाबाई म्हणाली. "उद्या?"

"उद्याही."

"मंग परवा?"

वर्षभर राहीन, असं म्हणायला जीभ वळवळत होती. पण एक वचन देऊन झालं होतं आणि ते कुठं गेलं ते समोरच दिसत होतं. "माहीत नाही," मी म्हणाले. "घर आहे माझं, नवरा आहे. पण ज्या दिवशी मी संध्याकाळची गेलेली दिसले, त्या दिवशी संजीवनीला घेऊन जा. मी अडवणार नाही."

"आन मास्तर?"

"ते आणायला भांडेन. मिळतीलच असं नाही सांगत."

तिनं खोलीतल्या पलंगांवरून नजर फिरवली. वळकटी अजून काखेतच होती. "झोपसान कुठी?" तिनं विचारलं.

आवारात संचालकासाठी बंगला आहे. मी वॉचमनला चावी आणायला पाठवलं. तो गेला, शोधून आला आणि म्हणाला, चावी मुख्य परिसरात जमा आहे, बांधकाम झालं तेव्हापासून. आया हसू लागल्या. मलाही हसू आलं, आणि हसताना डोळे भरून आले. गणेशला फोन करायचा होता. अंगावरच्या साडीखेरीज माझ्याजवळ काही नव्हतं. माळावर वारा सुटला होता आणि मला घरी जायचं होतं, आत्ताच्या आत्ता, कुणाच्या तरी मोटरसायकलवर बसून का होईना.

रुखमाबाईनं खिडकीजवळच्या पलंगावरची चादर झटकून अंथरली.

"तुमच्या पोरीसाठी धुऊन आनली होती," ती म्हणाली. "बसा आता तुमीच."

मी बसले. ती माझ्याकडे बघत उभी राहिली. संजीवनी आईकडे बघत होती, दारातल्या बायका आम्हा तिघींकडे. मी उठले नाही, तेव्हा कुठं तिनं काखेतली वळकटी खाली ठेवली आणि तिची दोरी सोडली.