एसीवाला पाहुणा

सौदीतल्या बुरैदा शहरात, भट्टीसारख्या दुपारी एसी बंद पडला होता आणि दुरुस्तीवाल्याची वाट बघून म्हातारे अबू मुतलक उन्हाहून जास्त तापले होते. तेवढ्यात दारात एक तरुण आला. पांढरा झगा, डोक्याला लाल चौकड्यांचा रुमाल, बोली इथलीच. म्हणजे पाहुणाच! आणि कॉफी पाजण्याआधी पाहुण्याला 'काय काम काढलंत?' विचारणं त्यांच्या घराण्यात बसत नव्हतं. त्यांनी त्याला ओढतच बैठकीत नेलं, खजूर पुढे केले, कॉफी ओतली.

"काका, मी नवाफ, मी..."

"आधी पी! उकाड्याचं माफ कर बाबा. तो एसीवाला कुठं उलथलाय देव जाणे! आपल्या पोरांना नुसत्या खुर्च्या हव्यात. पान्याला हात लावायचा म्हटलं की लाज वाटते. सगळा देश परक्यांच्या जिवावर!"

नवाफनं तिसरा पेला संपवून हलवला, म्हणजे आता पुरे. "काका, तो उलथलेला एसीवाला मीच. पेटी गाडीत आहे."

म्हाताऱ्याच्या हातातली किटली तशीच राहिली. "छे! मी पाहुण्याला राबवू?"

"मग काय उकडून काढणार?" असं म्हणून झगा कमरेला खोचत तो अंगणातल्या शिडीवर चढलासुद्धा.

यंत्र पुन्हा घरघरू लागलं, तसा शेजारी भिंतीवरून डोकावला आणि त्यानं नेहमीचा सवाल टाकला, "मिळाला का माणूस? कुठल्या देशाचा?"

शिडी धरून उभे असलेले अबू मुतलक अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असे ओरडले, "आपल्या!"